पाडा नाहीतर ठेवा, आधी चावीचं बोला

आमच्या कॉलेजचा जुना हॉल आणि त्याला लागून असलेलं मैदान मोडून तिथं नवीन इनडोअर स्टेडियम करायचं घाटतंय, आणि त्यावरून गावात दोन तट पडलेत. एका तटाचं म्हणणं, पत्रे सडलेत, भिंतींना भेगा गेल्यात, कशाला हे मढं उरावर बाळगायचं, पाडा आणि चकाचक नवीन बांधा. दुसरा तट माजी खेळाडूंचा, म्हणजे आता ढेऱ्या सुटलेले, केसांना कलप लावणारे आम्ही सगळे, त्या हॉलचं नाव काढलं की गळा दाटून येतो आणि मग एक वीट हलवू देणार नाही वगैरे भाषा सुरू होते. मी अर्थात याच तटातला, कॉलेजची सगळी वर्षं त्या मातीत गुडघे फोडून घेतलेत, पण खरं सांगू का, दोन्हीकडचे लोक भलत्याच गोष्टीवर भांडतायत असं मला वाटतं. पहाटे साडेपाचला त्या हॉलचं कुलूप उघडलेलं असायचं आणि मैदानावर पाणी मारलेलं असायचं, सगळी करामत त्यात होती. ते कोण करायचं, त्याला पगार कोण द्यायचं आणि आता ते काम कोण करणार, यावर ना पाडा म्हणणारे बोलतायत ना ठेवा म्हणणारे.

नवीन पोरांसाठी जरा मागचं सांगतो. १९९० च्या आधी खान्देशातली कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, म्हणजे आमच्या आधीच्या पिढीतल्या एखाद्या शहाद्याच्या नाहीतर चोपड्याच्या पोराला विद्यापीठाच्या संघात यायचं तर पुणे-नगर-नाशिकच्या पोरांमधून वर यावं लागायचं, एसटीचं भाडं आणि मुक्कामाचा खर्च वेगळाच. १५ ऑगस्ट १९९० ला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ जळगावला सुरू झालं, २०१८ पासून त्याला बहिणाबाईंचं नाव लागलं, आणि तेव्हाच्या जळगाव-धुळे या दोन जिल्ह्यांतल्या (नंदुरबार १९९८ ला वेगळा झाला) पोरांना अचानक विद्यापीठाचा कलर आवाक्यात दिसायला लागला. कलर म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळायचा मान, त्याची किंमत ज्यांनी खेळलंय त्यांना माहितीये. आधी झोनल म्हणजे आपल्या विभागातल्या कॉलेजांच्या मॅचेस, मग विभागाविभागांची इंटरझोनल, त्यातून विद्यापीठाचा संघ, मग वेस्ट झोन, ऑल इंडिया, शिवाय राज्यातल्या विद्यापीठांची अश्वमेध स्पर्धा. आणि या झोनल मॅचेस विद्यापीठाच्या कॅम्पसवरच व्हायच्या असं नाही, आळीपाळीनं तालुक्याच्या कॉलेजांना मिळायच्या. आमच्या कॉलेजला कबड्डी-खोखोची झोनल मिळाली की गावात लग्नसराई असल्यासारखं वातावरण. विद्यापीठाचं मैदान कोणतं असं आम्हाला कोणी विचारलं तर आम्ही गिरणाकाठचा तो मोठा कॅम्पस नाही सांगायचो, हेच सांगायचो.

आता मैदानाबद्दल, कारण हॉलपेक्षा खरी गंमत तिथं होती. आपली काळी माती कपाशीला चांगली, मैदानाला बेकार. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि बोट जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात पाय गेला की घोटा गेलाच. म्हणून कबड्डीच्या ग्राउंडसाठी आधी काळी माती उकरून काढायची, खाली मुरूम भरून धुमस करायचं, वर चाळलेली पिवळी माती टाकायची, पाणी मारायचं, अर्धवट वाळलं की रोलर फिरवायचा. हे एकदा करून भागत नाही, रोजचं काम आहे. आमच्याकडे ते आप्पा करायचे. कागदावर शिपाई, पण ऑफिसात त्यांना कोणी पाहिलं नसेल. संध्याकाळी पोरं गेली की ते झारीनं पाणी मारायचे, रात्रभर माती पाणी प्यायची, सकाळी आम्ही यायच्या आत झाडू फिरवून खडे वेचलेले असायचे. पाय ठेवला की माती थंडगार, दबायची पण चिकटायची नाही. कोणी घाई करून ओल्यावर पाय ठेवला की लांबून ओरडायचे, "रातले पानी मारेल शे, आत्ते पाय नका ठेवू रे!" मॅचच्या दिवशी फक्की मारायला सुतळी आणि दोन खुंट्या घेऊन बसायचे, मध्यरेषा, बोनस, लॉबी सगळं डोळ्यांनी जुळवायचे आणि मग टेपने मोजून बघा म्हणायचे, आम्ही मोजायचो आणि बरोबर निघायचं. १३ बाय १० मीटर.

हॉल म्हणजे काही फार नव्हता. उंच भिंती, वर पत्रे, उत्तरेच्या बाजूला सिमेंटच्या जाळ्या, आत एक बॅडमिंटन कोर्ट, कोपऱ्यात टेबल टेनिसचं टेबल ज्याचा एक पाय विटेवर. बाहेर मैदानाच्या बाजूला शहाबादी फरशीच्या पायऱ्या. पण त्या पायऱ्या मैदानाच्या इतक्या जवळ होत्या की कॉर्नरवाल्याची धाप बघणाऱ्याला ऐकू यायची, आणि बघणाऱ्याचा सल्ला खेळणाऱ्याला. पायऱ्यांवर कोण नसायचं? बाजारला आलेला शेतकरी, एसटीचा ड्युटी संपलेला कंडक्टर, समोरच्या झेडपी शाळेतली पोरं, मॅथ्सचे कडक सर जे वर्गात हसायचे नाहीत आणि इथं उभे राहून "धर त्याले, सोडू नको!" करायचे. समोरचा चढाईपटू जरा थांबला की मागून कोणीतरी, "जाऊ दे भो, दम संपना त्याना!" हे ऐकून त्या बिचाऱ्याचा दम खरंच संपायचा.

याला लोक आठवणी म्हणतात, मी याला ट्रेनिंग म्हणतो. इतक्या जवळून शिव्या आणि शाबासकी ऐकलेलं पोरगं नंतर कुठल्याही गर्दीत घाबरत नाही. आणि त्या झेडपीच्या पोरांचं बघा, त्यांना कोणी ॲडमिशन दिली नव्हती, फी नव्हती, फॉर्म नव्हता. ती आधी बॉल आणून द्यायची, मग रोलर ढकलायला हात लावायची, मग एखाद्या दिवशी सात पूर्ण होत नाहीत म्हणून त्यातल्या एकाला आत ओढायचे, की झाला तो खेळाडू. आमच्यानंतरच्या संघातली निम्मी पोरं अशीच आली. निवड चाचणी, टॅलेंट हंट असले शब्द तेव्हा गावात पोचलेले नव्हते पण काम तेच चालायचं, आणि ते चालायचं कारण गेटाला कुलूप नव्हतं. हॉलची चावी समोरच्या चहाच्या टपरीवर खिळ्याला टांगलेली असायची. आप्पा आजारी असले तरी हॉल उघडायचा. प्राचार्यांना हे माहिती होतं का? होतं, पण त्यांनी कधी विचारलं नाही, आणि हे त्यांचं मोठेपण मला आता कळतं.

आता इथं आमच्याच तटातल्या मित्रांना जरा टोचेल असं लिहितो. या सगळ्या गोड आठवणीत पोरी कुठंयत? आठवून बघा. पायऱ्यांवर नव्हत्या, असल्या तरी एका कोपऱ्यात घोळका करून, मॅच संपायच्या आत घरी. खेळायला होत्या, आमच्या कॉलेजचा मुलींचा खो-खोचा संघ तर आमच्यापेक्षा चांगला होता, पण त्यांची प्रॅक्टिस दुपारी दोनला, का तर संध्याकाळी ग्राउंड मुलांचं. जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात दुपारी दोनचं ऊन म्हणजे काय ते मी सांगायला नको, मे महिन्यात ४४-४५ ला पारा जातो आणि ऑक्टोबरचं ऊनही काही प्रेमळ नसतं. कपडे बदलायला जागा नाही, बायकांचं बाथरूम नाही. झोनलला बाहेरगावच्या पोरी आल्या की त्यांना शेजारच्या प्राध्यापक कॉलनीत कोणाच्या तरी घरी पाठवायचे, दारावर टकटक करून "काकू, जरा बाथरूम वापरू का" असं विचारायला लावायचे, आणि आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. या सगळ्यातून तावून निघालेल्या पोरींचा खेळ नंतर कुठं गेला बघा. एशियन गेम्समध्ये महिला कबड्डी २०१० ला पहिल्यांदा आली आणि भारताच्या पोरींनी पहिल्याच फटक्यात गोल्ड आणलं. जानेवारी २०२५ ला दिल्लीत खो-खोचा पहिला वर्ल्ड कप झाला, त्यात पुरुषांबरोबर महिलांचा संघही जिंकला आणि त्याची कॅप्टन प्रियंका इंगळे, महाराष्ट्राची. तेव्हा जुनं जसंच्या तसं ठेवा म्हणणाऱ्याला माझा प्रश्न आहे की जसंच्या तसं म्हणजे बाथरूमशिवाय का?

दुसरी गोष्ट मॅटची. मातीवर मीही खेळलोय, मातीचा वास, मातीशी नातं, सगळं मान्य, पण आज कबड्डीच्या मोठ्या स्पर्धा मॅटवर होतात. मातीत पाय सरकतो, मॅटवर पाय चिकटतो, शूज घालावे लागतात, वळताना गुडघ्यावर वेगळा लोड येतो, अँकल होल्ड म्हणजे घोट्याची पकड मारताना खाली पडायची पद्धत वेगळी. वर्षभर अनवाणी मातीत खेळलेलं पोरगं स्पर्धेच्या दिवशी पहिल्यांदा मॅटवर उभं राहिलं तर ते पहिल्या पाच मिनिटांत नुसतं पाय कसा टाकायचा याच विचारात असतं, समोरच्याची पकड काय करणार. त्यामुळे नवीन काही नकोच हे मला पटत नाही. मॅट पाहिजे, मॅटला छप्पर पाहिजे, लाइट पाहिजे.

मग मी नवीन बांधकामाच्या बाजूने आहे का? थांबा. आपल्या राज्यात तालुका तिथं क्रीडा संकुल ही योजना कित्येक वर्षं चालू आहे. तालुक्याच्या संकुलाला आधी १ कोटीपर्यंत मिळायचे, ते ५ कोटी केले, जिल्ह्याचे ८ चे २५ कोटी झाले. पैसा कमी आहे असं आता म्हणता येत नाही. पण हा पैसा बांधायचा पैसा आहे. उद्घाटन झालं, नारळ फुटला, फोटो झाले, पुढच्या महिन्यापासून लाइटबिल कोणी भरायचं, झाडू कोणी मारायचा, मॅट उन्हापावसात कोण उचलणार, हे त्या आकड्यात नसतं. मग कमिटी काय करते, मेंबरशिप लावते, आणि मेंबरशिप लावली की येतात बॅडमिंटन खेळणारे डॉक्टर, वकील, व्यापारी. त्यांच्यावर माझा राग नाही, ते पैसे भरतात म्हणून निदान लाइट तरी लागतात. पण झेडपीच्या शाळेतलं ते पोरगं, जे बॉल आणून द्यायला यायचं, त्याला आता वॉचमन गेटावरूनच हाकलतो.

शिवाय हे नवीन हॉल बांधणारे इंजिनिअर उन्हाळ्यात इथं कधी राहिलेत की नाही देव जाणे. समोरून सगळी काच, वर बसकं छत, पश्चिमेला तोंड. खान्देशात. मार्च ते जून आत भट्टी होते, एसी लावला तर बिल परवडत नाही, नाही लावला तर कोणी फिरकत नाही, म्हणून कुलूप. जुन्या हॉलच्या त्या भद्द्या जाळ्यांतून निदान वारा यायचा, उंची असल्यामुळे गरम हवा वर राहायची, आणि उन्हाळा लागला की आप्पा पत्र्यांवर चुना मारून घ्यायचे, त्याने फरक पडायचा. आणि भिंतींना भेगा गेल्या म्हणून हॉल धोकादायक झाला असं जे सांगतायत त्यांनी हेही सांगावं की काळ्या मातीवर पाया पुरेसा खोल घेतला नाही आणि छतावरचं पाणी भिंतीच्या बुडाशीच सोडलं तर माती फुगून-आक्रसून नवीन इमारतीलाही भेगा जातातच. आमच्या हॉलच्या मागच्या बाजूचा पन्हाळीचा पाइप मधूनच तुटलेला आहे, पावसाळाभर पाणी धो धो पायात पडतं, सगळ्यात मोठी भेग नेमकी तिथंच आहे. जाऊन बघा. तो पाइप बदलायला जो खर्च आला असता तो पाडकामाच्या अंदाजपत्रकातल्या चहापाण्याएवढा पण नसेल.

हॉल खेळासाठी किती दिवस मिळतो हा आणखी वेगळा विषय. निवडणूक आली की मोठे हॉल स्ट्राँगरूमला आणि मतमोजणीला घेतात, परीक्षा आली की बाकडी मांडतात, २०२० ला कोविड सेंटर झाले. ही कामं गरजेची आहेत, नाही म्हणत नाही. पण त्यानंतर हॉल परत खेळाडूंना द्यायची तारीख कोणी लिहीत नाही. आणि मैदान तर सगळ्यांच्या बापाचं, सभा आहे द्या मैदान, प्रदर्शन आहे द्या मैदान, कोणाच्या तरी पुतण्याचं लग्न आहे द्या मैदान. मंडपवाला पहारीने खड्डे करतो, खिळे ठोकतो, दोरी कापून निघून जातो. आम्ही असताना एकदा मोठी सभा झाली, दुसऱ्या दिवशी आप्पांनी सगळ्यांना एका ओळीत उभं केलं, हाताला हात लावून, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून चालवत नेलं, प्रत्येकाच्या हातात खिळे, सुया, पताकांच्या काड्या, तुटकी काच. एक घमेलं भरलं. त्या दिवशी प्रॅक्टिस झाली नाही आणि कोणी कुरकुरही केली नाही. पण हे करायचं कोणी सांगितलं? पगारी माणूस होता म्हणून सांगितलं. आप्पा रिटायर झाले, ती पोस्ट भरली गेली नाही, आणि त्यानंतर मैदानाचं काय झालं ते पहिल्या दोन पावसाळ्यांतच दिसलं. गाजरगवत. खो-खोचा एक खांब कोणीतरी उपटून नेला, दुसऱ्याला म्हैस बांधलेली मी स्वतः पाहिलीये.

म्हणजे हॉल आणि मैदान जुनं होऊन मेलेलं नाही, माणूस काढून घेतला म्हणून मेलंय. हा फरक कळला नाही तर पाच कोटींचं नवीन बांधाल आणि तेही तसंच मरेल, फक्त जरा महागात.

बाहेर काय चालतं याचं एक उदाहरण. अमेरिकेत इंडियानापोलिसला बटलर विद्यापीठाचं हिंकल फील्डहाऊस नावाचं बास्केटबॉलचं स्टेडियम आहे, १९२८ सालचं. बांधलं तेव्हाच त्यांनी राज्याच्या शालेय स्पर्धा घेणाऱ्या संघटनेशी करार केला की शाळांच्या फायनल इथं होतील. म्हणजे विद्यापीठाची वास्तू, पण पहिल्या दिवसापासून खेड्यापाड्यातल्या शाळकरी पोरांची. १९५४ ला मिलान नावाच्या छोट्या गावातल्या शाळेनं, शाळेत सगळे मिळून १६१ विद्यार्थी, मन्सी सेंट्रल या मोठ्या शाळेला तिथं फायनलमध्ये ३२-३० ने हरवलं, शेवटच्या क्षणी बॉबी प्लंपनं टाकलेल्या बास्केटवर. अमेरिकेत अजून त्या मॅचबद्दल बोलतात. ते स्टेडियम अजून चालू आहे. पाडलं नाही, आणि जसंच्या तसंही ठेवलं नाही, मूळच्या १५,००० जागा टप्प्याटप्प्याने कमी करून साधारण ९,००० वर आणल्या, खुर्च्या बदलल्या, आतल्या सोयी केल्या, मोठाल्या खिडक्या ठेवल्या. त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही, असं लगेच कोणी म्हणेल. मग कोल्हापूरला जा. खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलं, हौदा मधे आणि सगळीकडून चढती बैठक, कुठंही बसा, कुस्ती दिसतेच. तिथं शंभर वर्षांहून जास्त काळ कुस्त्या होतायत त्या दगडांमुळे नाही, मैदानं भरवणारी तालमीची माणसं आणि माती राखणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत म्हणून. आपल्या खान्देशात तालमींची परंपरा काही कमी नाही, गावोगाव यात्रेत अजून कुस्त्या होतात, नारळाच्या कुस्तीपासून सुरू होऊन मोठ्या इनामापर्यंत जातात. त्या आखाड्याची माती दोन दिवस आधी कोण उकरून ठेवतं? गावातलाच एखादा म्हातारा पैलवान. तिथं कमिटी नाही, पण जबाबदारी कोणाची ते सगळ्या गावाला माहिती असतं.

प्राचार्यांची बाजू पण ऐकून घेतली मी, कारण कुलूप लावायची हौस कोणालाच नसते. ते म्हणाले, गेट उघडं ठेवलं की रात्री बाटल्या सापडतात, पोरं-पोरी बसलेली असतात मग पालक येऊन भांडतात, कोणी पडलं-झडलं तर केस माझ्यावर, आणि पोस्ट भरायला परवानगी नाही तर मी काय करू. यातलं शेवटचं शंभर टक्के खरं आहे. शिपायाचीच काय, कॉलेजमध्ये शारीरिक शिक्षण संचालकाचीही पोस्ट रिकामी राहते आणि मग मराठीच्या नाहीतर इकॉनॉमिक्सच्या सरांकडे खेळाचा चार्ज देतात, ते बिचारे टीम घेऊन जातात, टीए-डीएचे व्हाउचर भरतात, बस. पण बाटल्यांचं म्हणाल तर माझा अनुभव उलटा आहे. बाटल्या बंद मैदानात सापडतात. जिथं पहाटे पाचपासून माणसं येतात आणि रात्री आठपर्यंत लाइट असतो तिथं दारू प्यायला बसायची कोणाची छाती होत नाही, पायऱ्यांवर बसलेला तो कंडक्टरच दोन लाथा घालेल.

आणि गेट कोणासाठी उघडायचं ते तर रोज पहाटे हायवेवर दिसतं. पोलीस भरतीची पोरं-पोरी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक, ५० मार्कांची मैदानी. एवढ्या भांडवलावर एका घराचं नशीब बदलतं, म्हणून पहाटे चार-साडेचारला ही पोरं रस्त्याच्या पांढऱ्या पट्टीवरून पळतात, बाजूने केळीचे ट्रक सुसाट जातायत, अंधार, धुकं, ट्रकवाल्याच्या डोळ्यावर झोप. पाचशे मीटरवर आमचं मैदान कुलूप लावून पडलंय. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, त्याची जाहिरात सगळे करतात, पण त्या आरक्षणापर्यंत पोचायला जे मैदान लागतं ते बंद. याचा राग कोणाला येत नाही आणि हॉलच्या विटेसाठी मात्र डोळ्यात पाणी, हे मला माझ्याच मित्रांचं कळत नाही.

तर माझं म्हणणं साधं आहे. हॉलची तपासणी चांगल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घ्या, संस्थेच्या जवळच्या कॉन्ट्रॅक्टरकडून नको. भिंती दुरुस्त होण्यासारख्या असतील तर करा, पन्हाळी बदला, पाणी पायापासून लांब न्या, पत्रे नवीन टाका. नसतील तर पाडा, मी आडवा झोपणार नाही. पण जे काही उभं राहील त्यात मॅट आत आणि माती बाहेर अशी दोन्ही असू द्या, माती झेडपीच्या पोरांसाठी आणि भरतीवाल्यांसाठी. मुलींचं बाथरूम आणि कपडे बदलायची खोली आधी बांधा, बाकीचं नंतर. संध्याकाळची वेळ मुला-मुलींना अर्धी-अर्धी, आणि ते पाटीवर रंगवून लावा म्हणजे कोणी दादागिरी केली तर बोट दाखवता येईल. मंडपाला मैदान द्यायचं असेल तर डिपॉझिट घ्या आणि एक जरी खिळा सापडला तर परत देऊ नका. चावी कोणाकडे, किती वाजता उघडणार, किती वाजता बंद, हे ठरावात लिहा, तोंडी नको, कारण तोंडी ठरलेलं माणूस बदलला की बदलतं.

आणि पोस्ट मंजूर होत नाही म्हणून हातावर हात धरून बसायचं कारण नाही. विद्यार्थी फीमध्ये क्रीडा शुल्क भरतातच, शिवाय आम्ही माजी विद्यार्थी आहोत. आमच्यात आता कोणी फौजदार आहे, कोणाचे जिनिंग आहेत, कोणी नाशिक-पुण्याला बऱ्या पगारावर आहे. नवीन स्टेडियमला वर्गणी मागायला लोक आले होते माझ्याकडे, गेटवर देणगीदारांच्या नावाची संगमरवरी पाटी लावणार म्हणे, रकमेप्रमाणे अक्षरं लहान-मोठी. मी त्यांना सांगितलं, पाटी नको. वर्गणी बँकेत ठेवा, तिच्या व्याजावर एक मैदान सेवक नेमा, गावातलाच एखादा गुडघा गेलेला जुना खेळाडू बघा, त्याला मातीतलं कळतं आणि त्याला कामाचीही गरज असते. ते म्हणाले असा काही हेड नाहीये आमच्या पावतीबुकात, बांधकाम निधी एवढाच आहे. मी म्हटलं मग पावतीबुक नवीन छापा, मैदान सेवक पगार निधी असं लिहा वर, त्यातली पहिली पावती माझ्या नावाने फाडा, आणि तोपर्यंत निदान उद्या सकाळपासून गेट उघडायला तरी काही निधी लागत नाही ना?